तोंडाची वाफ

आमच्या वहिनीला सल्ला दिलेला चालत नाही. देणारा वाक्याच्या मध्यावर असतो तेवढ्यात ती तळहात वर करते आणि म्हणते, "कशाला तोंडाची वाफ दवडता?" मला म्हणते, माझ्या भावाला म्हणते, भाजीवाल्याला म्हणते. एकदा दाताच्या डॉक्टरलासुद्धा म्हणाली, तेही त्याची बोटं तिच्या तोंडात असताना. वाफ फुकट घालवायची नसते असं तिचं प्रामाणिक मत आहे. का नसेल? तिचा सगळा संसार वाफेवर चाललाय.

ती लाँड्रीत इस्त्री करते. रस्त्यावरून दिसतो तो मालक, त्याचा गल्ला आणि टांगलेले कोट. त्याच्या मागं काही पायऱ्या उतरून एक लांबट खोली आहे, तिथं वहिनीचं राज्य. छताखालून बॉयलरचे नळ गेलेत, प्रत्येक टेबलाशी एक रबरी नळी उतरते आणि नळीच्या टोकाला इस्त्री. अंगठ्यानं खटका दाबला की तळातून फुस्स करून वाफ सुटते. नवीन बाई कामाला आली की आधी इस्त्री कापडावर जोरात दाबते. वहिनी तिचा हात धरते. "अगं, वाफ दे, दाबू नकोस. दाबून माणूस सरळ होत नाही, सदरा काय होणार!" कॉलर टोकाकडून मधे न्यायची, बाहीची शिवण आधी बघायची, असं बरंच काही ती शिकवते. पण सगळ्यांत मोठा नियम एकच: गरम कपडा पिशवीत जाणार नाही. इस्त्री झालेला कपडा दांडीवर लटकेल, त्याच्यातली वाफ निघून जाईल, तो गार होईल, मगच त्याच्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढेल. घाई केली तर पिशवी आतून घामेजते आणि गिऱ्हाइकानं आठवड्यानं उघडली की कुबट वास येतो. एकदा मालकानं घाईघाईत स्वतः भरलेले कोट तिनं परत पिशव्यांतून काढून दांडीला लावले, आणि गिऱ्हाइकाला तोवर बाकावर बसवून ठेवलं. मालक गल्ल्यातली नाणी मोजत राहिला. वहिनीसमोर तो सहसा बोलत नाही.

मी तिचा दीर. घड्याळं दुरुस्त करतो. एकटा जीव सदाशिव, राहायला तिच्याच इमारतीत, एक मजला वर. रविवारचं जेवण तिच्याकडे. मला माणसांचा राग लवकर येतो आणि वहिनीचा तर दर रविवारी येतो, तरी मी जेवायला जातो, यावरून काय ते समजा.

भाऊ, म्हणजे आमचा दादा, बस चालवायचा. सगळी नोकरी त्यानं एक कोपर खिडकीबाहेर ठेवून केली. निवृत्त होऊन घरी बसला आणि त्याला कळलं की या घरातल्या खिडक्या उघडायच्या नसतात. थंडी पडायला लागली की वहिनी फटींमधे वर्तमानपत्राच्या सुरळ्या कोंबते, दाराखाली जुनं पांघरूण गुंडाळून लावते. स्वयंपाकघरात धूर बाहेर टाकायचा पंखा आहे, त्याच्या भोकावर तिनं पुठ्ठा ठोकला होता. लोक नावडत्या माणसाला वाऱ्याला उभं करत नाहीत. ही वाऱ्यालाच दारात उभं करत नव्हती.

हसू नका, त्याला कारण होतं. तिचा धाकटा भाऊ लहानपणी छातीच्या दुखण्यानं गेला. त्या खोलीची एक काच फुटलेली होती आणि तिच्या आईनं जन्मभर त्या काचेला बोल लावला. वहिनी तेव्हा जेमतेम शाळेत जायला लागली होती. त्या दिवसापासून गार वारा हा तिचा वैरी आणि ऊब म्हणजे माया. लाँड्रीतून ती यायची ती कपाळावर घाम घेऊन, आणि घरात शिरताच पहिला प्रश्न, "खिडकी कुणी उघडली होती?" दादा वर्तमानपत्रात तोंड खुपसायचा.

"अगं, माझ्या गाडीत माणसं कोंबली आणि खिडक्या लावल्या की समोरची काच आंधळी व्हायची," तो कधीमधी धीर करून सांगायचा. "जरा खिडकी सरकवली की लख्ख. घराचंही तसंच—"

"तोंडाची वाफ दवडू नका," वहिनी म्हणायची. "तुमची गाडी वेगळी, माझं घर वेगळं."

या घरात त्यांची नात वाढत होती. वहिनीचा मुलगा मालाच्या गाड्यांवर असतो, महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी. सून पावाच्या बेकरीत, भट्टी पेटते तेव्हा तिला हजर व्हावं लागतं, म्हणजे उजाडायच्या आधी. तेव्हा पोर शाळेच्या सगळ्या दिवशी आजीकडे झोपायची आणि सुट्टीला आईकडे जायची. तिचं खरं नाव शाळेच्या पटावर असेल. घरात तिला सगळे शिट्टी म्हणायचे.

हे नाव वहिनीनंच ठेवलं. पोर तान्ही असताना झोपली की तिच्या छातीतून बारीक शिट्टी वाजायची. वहिनी शेजारणींना बोलावून ऐकवायची. "बघा, बघा, आमची किटली!" किटलीचं पुढं शिट्टी झालं. आम्ही सगळे कौतुकानं ऐकायचो. मी तर घड्याळ ऐकतो तसा कान लावून ऐकायचो. कुणाच्याही मनात आलं नाही की बाळ म्हणजे काही किटली नव्हे, त्याच्या छातीतून शिट्टी वाजायला नको.

थंडीत शिट्टी मोठ्यानं वाजायची. मग खोकला, मग धाप. हसायला लागली की मधेच खोकला यायचा आणि हसू राहून जायचं. वहिनीजवळ यावर एकच औषध होतं आणि तुम्ही ते ओळखलं असेल. संध्याकाळी मोठं पातेलं चुलीवर चढायचं. आधी डोक्यावर पंचा घेऊन पोरीला वाफारा, मग "खोलीत जरा ऊब राहू दे" म्हणून पातेलं तसंच रटरटत ठेवलेलं. पोरीचे कपडे रोज धुवायचे, ते बाहेर गारठतील म्हणून खोलीतच दोरीवर. खिडक्या बंद. सकाळपर्यंत काचांवरून पाण्याचे ओघळ खिडकीच्या चौकटीत साचलेले असायचे.

शिट्टीला मात्र त्या काचा फार आवडायच्या. उठली की पलंगावर उभी राहून बोटानं चित्रं काढायची. सूर्य, मांजर, मोठा अंबाडा असलेली आजी. अंबाड्यातून ओघळ सुटून खाली आला की म्हणायची, "आजी, तुझ्या डोक्यातून पाणी गळतंय." वहिनी हसून हसून बेजार व्हायची.

एकदा मी म्हणालो, "वहिनी, घड्याळाच्या काचेआड अशी वाफ धरली तर आम्ही ते लगेच उघडतो. आत गंज चढतो."

"तुम्ही तुमची घड्याळं बघा," ती म्हणाली. विषय संपला.

त्या थंडीत शिट्टीची धाप वाढली. शाळेतून येताना जिना चढेना, मधल्या पायरीवर बसून राहायची. सुनेनं रजा काढली आणि छातीच्या डॉक्टरकडे नेलं. वहिनीही गेली, आणि रिक्षेत मावत नसताना मीही गेलो, कारण वहिनी डॉक्टरला काय बोलेल याची दादाला धास्ती होती.

डॉक्टरबाई तरुण, बोलायला गोड. त्यांनी छातीवर नळी लावून पुढून ऐकलं, मागून ऐकलं. मग मोठ्यांना गप्प करून पोरीलाच विचारलं, "तुला जास्त खोकला कुठं येतो गं? शाळेत? घरी?"

"आजीकडे," शिट्टी म्हणाली. "आईकडे कमी येतो."

पोरं खरं बोलतात, हा त्यांचा मोठा दोष. वहिनीचा चेहरा उतरला. डॉक्टरबाईंनी सांभाळून विचारलं, "आजी, घरात ओल आहे का? भिंतीवर बुरशी वगैरे?"

"बुरशी?" वहिनी खुर्चीतून उठलीच. "माझ्या घरात? माझ्या घरात फरशीवर जेवा तुम्ही, कणभर धूळ सापडली तर सांगा! मी काय उकिरडा मांडून बसलेय का तिथं?"

डॉक्टरबाईंनी शांतपणे सांगितलं की स्वच्छ घरातही ओल धरते, दिसत नाही अशा जागी धरते, आणि तिच्यावरची बुरशी श्वासातून आत जाते. दमा असलेल्या मुलांना ती फार छळते. त्यांनी पंप लिहून दिला, कसा ओढायचा ते दाखवलं, वाफारा बंद करायला सांगितलं. "घर कोरडं होईपर्यंत हिला तिथं झोपवू नका," त्या सुनेला म्हणाल्या. "बघूया फरक पडतो का."

बाहेर आल्यावर सून म्हणाली, "आई, मी दुपारची पाळी मागून घेते. तोवर ती माझ्याकडे राहील."

घरी आल्याबरोबर वहिनीनं पर्स आपटली. "ओल म्हणे! माझ्या घरातून पोरगी न्यायचं निमित्त हवं होतं हिला. यात कुठंतरी पाणी मुरतंय, भाऊजी. लिहून ठेवा."

सून पोरीची दप्तर-पिशवी भरायला मागोमाग आली होती. तिनं ते ऐकलं. दारातच थांबली आणि म्हणाली, "आई, तुमच्यापासून तिला तोडून मी काय मिळवणार? मला एकटीला झेपतं का सगळं? पण तिचा श्वास अडकला की मला बघवत नाही हो." मग पोरीचे कपडे दोरीवरून काढले, अजून दमट होते ते तसेच पिशवीत घातले आणि गेली. जाताना शिट्टीनं काचेवरच्या आजीला टाटा केला, आणि मग खऱ्या आजीला.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मला वहिनीचा राग आला होता. आणि संध्याकाळी जिन्यातून जाताना तिच्या घरातून काहीच आवाज येईना, ना पातेल्याचा ना बोलण्याचा, तेव्हा राग गेला. दादा सांगत होता, ती जेवायला तीन ताटं घ्यायची आणि एक परत ठेवायची.

मग तिनं तिच्या पद्धतीनं लढाई सुरू केली. डॉक्टर ओल म्हणते काय? दाखवतेच. कामावरून आली की पदर खोचून घर धुवायला काढायची. बादल्या बादल्या गरम पाणी. भिंती धुतल्या, दारं धुतली, पलंगाचे पाय धुतले, आणि धूळ येऊ नये म्हणून खिडक्या आणखी घट्ट बंद केल्या. घर वाळेल कसं, हे विचारायची कुणाची छाती होती! दादा ओल्या फरशीवर पाय वर घेऊन बसायचा. "नावाड्याची नोकरी धरायला हवी होती," असं तो मला हळूच म्हणाला.

सून दर दोन दिवसांनी फोन करायची. शिट्टीला बरं होतं. रात्री झोपते. जिना चढते. वहिनीला याचा आनंद व्हायचा आणि तो व्हायला लागला की ती रडायची. "माझ्याकडे नाही तेव्हा बरी आहे," एवढंच म्हणायची. नातीला आपण नको आहोत असं तिनं मनाशी धरलं होतं.

रविवारी जेवण झालं. वहिनी म्हणाली, "शाळेत फोटो काढणारेत म्हणे. तिचा पांढरा फ्रॉक इथंच राहिलाय. इस्त्री करून ठेवलाय मी. भाऊजी, तेवढा नेऊन द्या." तिला स्वतःला जायचं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण मान कुठं वाकणार!

शिट्टीची खोली तीच, पलंग तोच, आणि पलंगाच्या उशाला भिंतीला चिकटून मोठं लाकडी कपाट. ती भिंत इमारतीची बाहेरची, तिच्यावर ऊन कधी पडत नाही. वहिनीनं कपाट उघडून आतल्या कोपऱ्यातून फ्रॉक काढला. लाँड्रीतल्यासारखीच पिशवी, वर गाठ. तिनं गाठ सोडली, फ्रॉक बाहेर घेतला आणि थांबली.

तिनं फ्रॉक नाकाशी नेला. पुन्हा नेला. मग कपड्याची मागची बाजू उलटून खिडकीकडे धरली. कमरेच्या पट्टीपाशी बारीक करडे ठिपके होते.

"हा गरम पिशवीत गेलाय," ती म्हणाली.

"तू घातलास?" मी विचारलं.

"मी?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी एक पाऊल मागं झालो. "मी आयुष्यात गरम कपडा पिशवीत घातलेला नाही. गार करून घातला होता. हा वास मला झोपेतही कळतो, भाऊजी. हाच वास." ती फ्रॉक तसाच धरून कपाटात वाकली. आतले बाकीचे कपडे हुंगले. मग कपाटाची पाठ हुंगली, कपाळ फळीला टेकवून. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा वेगळाच होता. "हे ओढा," ती म्हणाली. "अहो, तुम्हीपण या. कपाट ओढा."

दादा आणि मी मिळून कपाट ओढलं. फरशीवर लाकूड करकरलं.

मागची भिंत काळी होती. खालून कमरेइतकी, कोपऱ्यापर्यंत, काळे ठिपके एकमेकांत मिसळून गेलेले. रंगाचे पोपडे सुटलेले. कपाटाच्या पाठीला हिरवट लव धरलेली. आणि कपाटाच्या बाजूला, हातभर अंतरावर, पोरीची उशी.

आम्ही तिघं उभे होतो. पाणी मुरत होतं खरं, वहिनीचा अंदाज बरोबर होता, फक्त जागा चुकली होती. पण ते मी बोललो नाही. दिराच्या जिभेला थोडं हाड असावं लागतं.

वहिनी पलंगावर बसली. फ्रॉक मांडीवर. "वाफ जाणार कुठं?" ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "कपड्याला मी दांडीवर लावते. इथं सगळंच बंद. गार भिंतीला जाऊन बसली ती. अख्खं घर मी गरम पिशवीत घातलं. आणि त्यात पोरीला निजवलं." मग तिला रडू फुटलं. दादा तिच्या शेजारी बसला, तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला.

मी फडकं आणायला निघालो, तर तिनं अडवलं. "हात लावू नका. आधी तिला बघू दे."

"कुणाला?"

"सुनेला. पुसून दाखवलं तर मीच खरी ठरेन. तसंच असू दे." आणि तिनं फोन लावला. फोनवर फार बोलली नाही. "ये गं, बाई. पोरीला शेजारी ठेव आणि तू एकटी ये. तुला काहीतरी दाखवायचंय. तुझंच खरं होतं."

हे शेवटचं वाक्य वहिनीच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. दादाही माझ्याकडे बघत होता.

सून आली. भिंतीसमोर उभी राहिली. मला वाटलं, आता बोलेल. बोलायला तिच्याजवळ बरंच होतं, आणि मी तिच्या जागी असतो तर सोडलं नसतं. तिनं एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा पलंगावर बसलेल्या सासूकडे. मग पिशवीतून बेकरीतले मास्क काढले, पिठाची भुकटी नाकात जाऊ नये म्हणून तिथं लावतात ते, आणि एक वहिनीच्या हातात दिला. "नाक झाका, आई. मी करते, तुम्ही पाणी द्या."

"पाणी नाही देणार, मीच करणार," वहिनी म्हणाली आणि कोपऱ्यातला खराटा उचलला.

"आई, कोरडं झाडू नका! पिठासारखं उडेल आणि घरभर बसेल. ओल्या फडक्यानं टिपायचं."

मी श्वास रोखला. आता तळहात वर जाणार. पण वहिनीनं खराटा खाली ठेवला. "बरं," ती म्हणाली. नुसतं बरं.

मग दोघींनी हातमोजे चढवले, खोलीचं दार लावून घेतलं, खिडकी सताड उघडली. त्या खिडकीतून आलेला वारा वहिनीच्या अंगाला लागला तेव्हा तिनं खांदे आखडले, पण उठून बंद केली नाही. साबणाच्या पाण्यात फडकं बुडवायचं, पिळायचं, भिंत टिपायची, काळं झालेलं फडकं परत बादलीत न घालता पिशवीत टाकायचं. शेवटी कोरड्या फडक्यानं भिंत टिपून घेतली. कपाटाची सडलेली पाठ दादानं उचकटून काढली, गादी उन्हात टाकायला गच्चीवर गेली, आणि पोरीची उशी सुनेनं सरळ कचऱ्यात घातली. मी स्वयंपाकघरात जाऊन पंख्यावरचा पुठ्ठा काढला. खिळे वहिनीनं असे ठोकले होते की पक्कड वापरावी लागली. पंखा फिरायला लागला तेव्हा त्यातून कितीतरी वर्षांची धूळ माझ्या डोक्यावर आली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा दोघी एकदम हसल्या.

पुसलं म्हणजे संपलं असं नव्हतं. भिंत वाळायला हवी होती आणि पुन्हा ओली होऊ द्यायची नव्हती. वहिनी कामाला लागली की अर्धवट करत नाही. तिनं घराला लाँड्री करून टाकलं. पातेल्यावर झाकण, पंखा चालू, ओले कपडे बाहेरच्या दांडीवर. कपाट आता दुसऱ्या भिंतीला, तेही वीतभर सोडून, "मागं वारं खेळू दे" म्हणून. हे वाक्य वहिनीचं, बरं का. सकाळी उठल्याबरोबर ती सगळ्या काचा पुसते, चौकटीत साचलेलं पाणी टिपते आणि फडकं बाहेर वाळत घालते. खिडक्यांचं काम तिनं दादाला दिलं. सकाळी काही वेळ उघडायच्या, स्वयंपाक आणि आंघोळी झाल्या की पुन्हा, मग लावून घ्यायच्या, म्हणजे घरही फार गारठत नाही. दादा खिडकी उघडतो आणि कोपर बाहेर ठेवून उभा राहतो. निवृत्तीनंतर त्याला मी इतका खुश पाहिला नव्हता.

पण भीती जाते का अशी? खिडकी उघडी असली की वहिनी तिच्याकडे पाठ करून बसायची. एकदा मला म्हणाली, "भाऊजी, माझा भाऊ वाऱ्यानं गेला असंच आई सांगायची. त्या खोलीलाही असाच वास होता का, हे आता आठवायला बघते, तर आठवत नाही." मी तिला चहा करून दिला. चहा मला बरा जमत नाही, पण तिनं घेतला.

भिंत हळूहळू सुकली. वहिनी येता-जाता तिला तळहात लावून बघायची, तापाच्या माणसाच्या कपाळाला लावतात तसा. पोर पंप ओढत होती, सुनेनं दुपारची पाळी कशीबशी निभावली होती, आणि बेकरीचा मालक आता कुरकुरायला लागला होता. डॉक्टरबाईंनी पुन्हा ऐकलं, पुढून आणि मागून. म्हणाल्या, "छाती छान आहे. आता दुपारची झोप आजीकडे घेऊन बघा. पुन्हा वाजायला लागलं तर मात्र तिथं नको."

तेव्हा एवढं सगळं त्या एका दुपारच्या झोपेवर आलं. वहिनीनं लाँड्रीतून सुट्टी घेतली, जी ती तापातसुद्धा घेत नाही. सून पोरीला घेऊन आली आणि स्वयंपाकघरात बसून राहिली, हातात चहाचा कप, प्यायली नाही. दादा खिडकी थोडी सरकवून गेला. नवी उशी, धुतलेली चादर. शिट्टी झोपली. वहिनी पलंगाशी स्टुलावर बसली आणि मी दारात उभा.

पोरीनं कूस बदलली, श्वास लांब झाला. वहिनी कान देऊन ऐकत होती. मग तिनं माझ्याकडे वळून पाहिलं, घाबरलेली. "भाऊजी," ती कुजबुजली, "आवाज येत नाहीये."

"येणारच नाही, वहिनी. हेच तर हवं होतं."

"नाही हो. काहीच येत नाहीये." तिला त्या शिट्टीची इतकी सवय झाली होती की शांत श्वास तिला श्वास वाटेना. तिनं पोरीच्या नाकाशी बोट धरलं. मग तळहात हलकेच पाठीवर ठेवला, आणि तो तळहात वर-खाली होताना बघत बसली. मी सुनेला खुणेनं बोलावलं. ती येऊन सासूच्या मागं उभी राहिली, वाकली, आणि तिनंही कान दिला. काही वाजत नव्हतं. सुनेनं वहिनीच्या खांद्यावर कपाळ टेकवलं. दोघी तशाच बसून राहिल्या आणि मी उगीचच खिडकीबाहेर बघत राहिलो, कारण माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि या घरात ओलीवर आता सक्त बंदी होती.

शिट्टी जागी झाली ती थेट खिडकीशी. सवयीनं बोट वर केलं आणि हिरमुसली. "आजी, काच कोरडीच आहे! चित्र कसं काढू?"

दादा म्हणाला, "काचेवर तोंडानं 'हाऽऽ' कर मोठ्यानं."

पोर पलंगावर उभी राहिली, छाती भरून श्वास घेतला आणि काचेवर सोडला, हाऽऽऽ. लांबच लांब. मधे खोकला नाही, ठेच नाही. आम्ही सगळे तो श्वास संपायची वाट बघत होतो आणि तो संपता संपत नव्हता. काचेवर ताटाएवढा धुरकट गोल उमटला. त्यात तिनं मोठ्या अंबाड्याची आजी काढली. उघड्या फटीतून वारा आला आणि आजी कडेनं विरायला लागली. शिट्टी खदखदून हसली, हसू पुरं झालं, आणि तिनं पुन्हा छाती भरून घेतली.

वहिनी सकाळचं फडकं हातात घेऊन उभी होती. मला राहवलं नाही. "वहिनी," मी म्हणालो, "काच ओली झाली. पूस की."

तिनं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. तळहात वर केला. "तोंडाची वाफ दवडू नका, भाऊजी," ती म्हणाली. "तिला दवडू दे."